ऊन पाण्याच्या गावी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पोटात जो अग्नी धुमसत आहे, तो बहिणींनी भावासाठी पाठविलेला आहे, असे तेथील ते अरावा ह्या माओरी जमातीचे लोक सांगतात. हावाइकी ह्या पूर्वजांच्या भूमीहून महासागर ओलांडून आलेल्या त्यांच्या नौकेवर न्गातोरोइरांगी नावाचा एक तोहुंगा, म्हणजे मंत्रवेत्ता, होता. नवी भूमी न्याहाळीत तो दक्षिणेकडे चालत गेला, टोंगारिरो पर्वतावर चढला आणि तेथील हिमवाऱ्याने गारठून मरणाच्या दारी पोहोचला. तेव्हा त्याने समुद्रापार राहिलेल्या आपल्या बहिणींना हाक मारली. बहिणींनी अग्नी धाडला. तो समुद्राखालून आला, फाकाआरी बेटापाशी प्रथम वर निघाला, मग रोटोरुआच्या परिसरात ठिकठिकाणी श्वास घेण्यासाठी डोके वर काढीत काढीत टोंगारिरोच्या शिखराशी पोहोचला आणि भाऊ वाचला. जेथे जेथे अग्नीने डोके वर काढले, तेथे तेथे आज ऊन पाण्याचे झरे आहेत, उकळत्या चिखलाची कुंडे आहेत, आकाशात झेप घेणारी कारंजी आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगतात. पॅसिफिकचे भूकवच ऑस्ट्रेलियाच्या भूकवचाखाली सरकत आहे, आणि त्यामुळे फाकाआरीपासून टोंगारिरो-रुआपेहूपर्यंत ज्वालामुखींचा एक पट्टा तयार झाला आहे. कथेतील अग्नीची वाट आणि शास्त्रज्ञांचा पट्टा, ह्या दोन रेषा नकाशावर जवळजवळ एकच आहेत.

ही कथा ऑकलंडहून रोटोरुआला जाणाऱ्या एका पर्यटक-बसमध्ये, चालकाच्या तोंडून, इंदूरच्या एका वृद्ध दांपत्याने ऐकली. गृहस्थ इंदुरातील एका शाळेत तीस-पस्तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेले. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणतात. पत्नीला सगळे माई म्हणतात. घराणे होळकरांच्या काळी माळव्यात आलेले, म्हणजे महाराष्ट्राबाहेर सात-आठ पिढ्या काढलेले. त्यामुळे मास्तरांचे मराठी पुस्तकी, शुद्ध आणि किंचित जुन्या वळणाचे. माईंच्या मराठीत मात्र माळवी आणि हिंदी शब्द सुखाने नांदत. मुलगा नोकरीनिमित्त ऑकलंडला स्थायिक झालेला, सून गुजराती, आणि सात वर्षांचा नातू इंग्रजी बोलणारा. "आजी" आणि "आजोबा" हे दोन शब्द त्याला येत. त्यापुढचे मराठी त्याला कळते की नाही, हे दोघांनाही नीट उमगलेले नव्हते, आणि विचारण्याचा धीरही झाला नव्हता.

सहलीच्या दोन दिवस आधी नातवाने शाळेतून एक कागद आणला होता. त्यावर रिकाम्या ओळी होत्या: माझा पर्वत, माझी नदी, माझी नौका, माझे लोक, माझे नाव. माओरी मनुष्य परक्यांसमोर स्वतःची ओळख देतो ती ह्या क्रमाने देतो. आधी पर्वत आणि पाणी, अगदी शेवटी स्वतःचे नाव. ह्या ओळख-वचनाला 'पेपेहा' म्हणतात, आणि न्यूझीलंडच्या शाळांतून सर्वच मुलांना ते शिकवितात. नातवाने इंग्रजीत विचारले, "आजोबा, आपला पर्वत कोणता?" आयुष्यभर मुलांना प्रश्न घालणारे मास्तर त्या प्रश्नाला तत्काळ उत्तर देऊ शकले नाहीत. "सह्याद्री," असे ते म्हणाले खरे. पण त्या उत्तरात वाचलेपणाचा वास होता, आणि तो त्यांचा त्यांनाच आला.

बस ऑकलंडच्या बाहेर पडून दक्षिणेकडे लागली, तेव्हा एका फाट्यावर 'बॉम्बे' अशी पाटी दिसली. वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या 'बॉम्बे' नावाच्या जहाजावरून त्या वस्तीला ते नाव पडले आहे. मुंबईने १९९५ मध्ये टाकलेले नाव येथे गवताळ टेकड्यांवर निर्धास्त चरत होते. पुढे वायकाटो प्रांतातील गायरानांतून दोन-अडीच तास गेल्यावर, सरोवर दिसण्याआधीच बसमध्ये एक उग्र दर्प शिरला. परदेशी प्रवाशांनी नाके मुरडून कुजक्या अंड्यांची आठवण काढली. माईंनी जन्मात कधी अंडे हाताळले नव्हते. त्या क्षणभर हुंगून म्हणाल्या, "अहो, हा तर पादेलोणाचा वास!" गंधकाचा तोच अंश काळ्या मिठात असतो. ज्याला बाकीचे दुर्गंधी म्हणत होते, तो माईंच्या स्वयंपाकघरातला, चिंचेच्या पाण्यातला, ओळखीचा वास निघाला, आणि त्या गावाशी त्यांची सोयरीक तेथेच जुळली.

रोटोरुआ म्हणजे दुसरे सरोवर. 'रोटो' म्हणजे सरोवर आणि 'रुआ' म्हणजे दोन. एका प्राचीन ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात साठलेले हे पाणी सुमारे ८० चौरस किलोमीटर पसरले आहे. मध्यभागी मोकोइया बेट. त्या बेटावर राहणाऱ्या तुतानेकाईच्या बासरीचे सूर ऐकून हिनेमोआने रात्री सरोवरात उडी टाकली. तिच्या माणसांनी होड्या ओढून ठेविल्या होत्या म्हणून तिने अंगाला कोरडे भोपळे बांधले, पोहत ती बेटाला लागली, आणि काठच्या ऊन पाण्याच्या कुंडात तिने आपले गारठलेले अंग शेकले. ही कथा चालक सांगू लागला तेव्हा मास्तरांना चिनाब नदी, कच्चा घडा आणि सोहनी आठवणे स्वाभाविकच होते. फरक एवढाच की पंजाबातील घडा विरघळला आणि येथील भोपळे तरले. हिनेमोआ आणि तुतानेकाई ह्यांचा संसार झाला, आणि त्यांचे वंशज आजही त्या काठावर नांदत आहेत. प्रेमकथेचे नायक-नायिका पूर्वजांच्या यादीत असणे, ही गोष्ट मास्तरांना त्या कथेहूनही नवलाची वाटली.

गावाच्या दक्षिण टोकाला फाकारेवारेवा ही वस्ती आहे. पुआरेंगा ओढ्यावरील पूल ओलांडून आत गेले की पायाखालची जमीन ऊन लागते. घरांच्या मधून, कुंपणांच्या फटींतून, रस्त्याच्या कडेने वाफ निघत असते. थडगी जमिनीच्या वर, सिमेंटच्या पेट्यांत बांधलेली आहेत, कारण खाली खणण्याची सोय नाही. लोक एका कुंडात भाजी उकडतात आणि दुसऱ्यातले पाणी निववून त्यात संध्याकाळी स्नान करतात. एका बाईने पिशवीत घालून उकळत्या कुंडात सोडलेली मक्याची कणसे दहा-बारा मिनिटांनी वर काढली व प्रवाशांना वाटली. माईंनी कणीस खाल्ले, पाण्याकडे पाहिले आणि हात जोडले. त्यांनी मणिकर्णला कुंडात पोटली सोडून तांदूळ शिजविले होते. कोकणात अशा झऱ्यांना 'उन्हाळे' म्हणतात हे त्यांनी सासूकडून ऐकले होते. देवाच्या चुलीवर शिजलेले अन्न सोवळ्यातच असते, अशी त्यांची समजूत, आणि ती मोडावयाचे काही कारण तेथेही दिसेना.

मास्तरांचे मन मात्र स्वस्थ नव्हते. वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे, त्यांची चूल, त्यांचे स्नान, त्यांची थडगी, हे सारे तिकीट काढून पाहावयाचे, ह्यात काहीतरी खटकण्यासारखे आहे असे त्यांना वाटत होते. ह्याच पुलावरून एके काळी वस्तीतील पोरे प्रवाशांनी फेकलेल्या नाण्यांसाठी ओढ्यात उड्या घेत. जी संस्कृती पाहुण्यांपुढे ठरलेल्या वेळी मांडावी लागते, ती संस्कृती उरते की तिचा देखावा उरतो? पण हा प्रश्न मनात उठताच त्यांना इंदूरचे स्वतःचे मंडळ आठवले. गणपतीचे दहा दिवस, नऊवारी नेसून लेझीम खेळणाऱ्या मुली, हिंदी प्रेक्षकांना मराठी बाणा म्हणून दाखविलेली लावणी आणि पोवाडा. वर्षाचे उरलेले दिवस त्याच मुली घरात हिंदी बोलत. तेथे देखाव्याची सूत्रे मास्तरांच्याच हाती असत, आणि तो देखावा आहे असे त्यांना कधी वाटले नव्हते.

वाटाड्या म्हणून त्या वस्तीतील एक तरुणी बरोबर होती. तिने जे सांगितले त्यावरून मास्तरांच्या प्रश्नाला वेगळीच दिशा मिळाली. पाहुण्यांना वाट दाखविणे हा ह्या लोकांचा दीडशे वर्षांचा कुलाचार आहे. तरावेरा पर्वताच्या पायथ्याशी गुलाबी आणि शुभ्र अशा दोन सोपानमाला होत्या. ऊन पाण्यातील सिलिकेचे थर साचून निसर्गानेच त्या पायऱ्या घडविल्या होत्या, आणि त्या पाहावयास युरोपातून लोक येत. त्यांना होडीतून नेण्याचा अधिकार तुहोउरांगी कुळाचा होता. ह्या व्यवसायातून त्यांना इतका पैसा मिळाला की ते वायरोआ येथील हिनेमिही ह्या सभागृहातील कोरीव मूर्तींच्या डोळ्यांत शिंपल्यांऐवजी सोन्याची नाणी बसविली होती असे सांगतात. १० जून १८८६ च्या पहाटे तरावेरा फुटला. सुमारे १२० माणसे गेली, गावे राखेखाली गाडली गेली, सोपानमाला नाहीशा झाल्या. त्या रात्री सोफिया हिनेरांगी ह्या वाटाड्या स्त्रीच्या घराचे छप्पर टिकले आणि साठ-एक माणसे त्याखाली वाचली. अकरा दिवस आधी तिने आणि तिच्याबरोबरच्या प्रवाशांनी सरोवरावर एक अनोळखी युद्धनौका धुक्यात विरताना पाहिली होती, आणि माओरी वृद्धांनी तो अपशकुन मानला होता. हिनेमिही सभागृहही त्या रात्री तगले. १८९२ मध्ये एका गव्हर्नराने ते विकत घेऊन इंग्लंडला नेले. वाचलेल्या तुहोउरांगींना फाकारेवारेवाच्या आप्तांनी आश्रय दिला, आणि सोफियाने तेथे पुन्हा वाट दाखविण्यास आरंभ केला.

तिच्यामागून आलेली माकेरेती हिची हकीकत मास्तरांना सर्वांत भावली. इंग्रज पिता आणि ते अरावा माता ह्यांची ही कन्या १८७३ मध्ये जन्मली. प्रवासी तिला मॅगी म्हणत. एकाने तिचे माओरी आडनाव काय म्हणून फारच पिच्छा पुरविला तेव्हा तिने इकडेतिकडे पाहिले, समोर पापाकुरा नावाचे कारंजे उडत होते, ती म्हणाली, "पापाकुरा." तेच नाव पुढे जगात झाले. १९०१ मध्ये इंग्लंडच्या भावी राजाला, पाचव्या जॉर्जला, तिने ही वस्ती दाखविली. पुढे ती विवाह करून इंग्लंडला गेली आणि ऑक्सफर्ड विद्यापीठात मानववंशशास्त्राचा अभ्यास करू लागली. प्रबंधाचा विषय तिचे स्वतःचेच लोक. दुसऱ्यांनी ज्यांचे वर्णन करावयाचे, त्यांच्यापैकी एकीने लेखणी हाती घेतली होती. प्रबंध सादर होण्यापूर्वीच १९३० मध्ये ती वारली. तो ग्रंथ १९३८ मध्ये मित्राने प्रसिद्ध केला, आणि पदवी विद्यापीठाने २०२५ मध्ये, मरणोत्तर, दिली. दाखविणारी आणि दाखविली जाणारी ह्यांतील अंतर ह्या स्त्रीने आपल्यापुरते मिटविले होते. देखाव्याचा प्रश्न तो दाखविला जातो की नाही हा नसून, कोण दाखवितो, काय झाकून ठेवतो, आणि 'आज नाही' असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा आहे, असे मास्तरांना तेथे उभ्या उभ्या वाटू लागले.

पापाकुराच्या कारंज्याची गोष्ट येथेच संपत नाही. रोटोरुआ शहरातील लोकांनी आणि हॉटेलांनी घरे व तलाव ऊन ठेवण्यासाठी शेकडो विंधनविहिरी खणल्या. उष्णता फुकट होती; ज्याने त्याने ओढली. वैराकेई येथे १९५८ पासून भूगर्भातील वाफेवर वीज होऊ लागली आणि तेथील कारंजांची दरी हळूहळू निमाली. रोटोरुआतही झरे ओसरू लागले, आणि १९७९ मध्ये पापाकुरा थांबला. अखेर १९८६-८७ मध्ये सरकारने पोहुतू ह्या सर्वांत मोठ्या कारंज्यापासून दीड किलोमीटरच्या आतील विहिरी बंद करविल्या. लोकांनी आरडाओरडा केला, पण विहिरी बुजल्या. पुढील वर्षांत पाण्याची पातळी वर आली. आज पोहुतू दिवसातून अनेकदा उडतो, कधी ३० मीटरपर्यंत. आणि २०१५ मध्ये, छत्तीस वर्षांच्या मौनानंतर, पापाकुरा पुन्हा बोलू लागला. माळव्यात दर उन्हाळ्यात खोल खोल जाणारी 'बोरिंगे' पाहिलेल्या मास्तरांना जमिनीखालच्या ह्या हिशेबाची फोड करून सांगावी लागली नाही.

त्याच सुमारास आणखी एक झरा अडविला आणि सोडविला जात होता. १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या झाल्या होत्या. शाळेत आपली भाषा बोलल्याबद्दल छड्या खाल्लेली मुले मोठी झाली, आणि आपल्या मुलांशी त्यांनी प्रेमापोटीच इंग्रजी बोलावयास सुरुवात केली. १९७२ मध्ये तरुणांनी तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे ठेविला, की शाळांत माओरी शिकवा. १९८२ मध्ये पहिले 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचे घरटे, सुरू झाले. तेथे आज्या-आजोबा बालकांना घेऊन बसत आणि त्यांच्याशी माओरीखेरीज काही बोलत नसत. १८४० च्या वायटांगी करारात ज्या 'ताओंगा'च्या, म्हणजे अमोल ठेव्याच्या, रक्षणाचे वचन दिले होते त्यात भाषाही येते, असा निर्वाळा १९८६ मध्ये वायटांगी न्यायाधिकरणाने दिला, आणि १९८७ मध्ये माओरी ही राजभाषा झाली. विहिरी बुजविण्याची आणि भाषेला मान्यता देण्याची वर्षे एकच, हा योगायोग असेल. पण कोणीतरी दोन्हीकडे ओढणे थांबविले आणि दोन्हीकडे पातळी वर आली, हे मास्तरांच्या नजरेतून सुटले नाही. २०१७ पासून रोटोरुआ हे अधिकृतपणे द्विभाषिक शहर आहे; रस्त्यावरील पाट्या दोन्ही भाषांत आहेत. माई पाट्यांकडे पाहत होत्या. 'घरटे' हा शब्द ऐकल्यापासून त्या गप्प झाल्या होत्या.

संध्याकाळचा कार्यक्रम पाहुण्यांच्या स्वागताचा होता. चालकाने सकाळीच बजावले होते, "आजपुरती ही बस म्हणजे तुमची नौका. नौकेला नायक हवा, आणि नायकाला भाषण करावे लागेल. भाषणाला गाणे जोडावे लागते. बिनगाण्याचे भाषण अपुरे." भाषणामागून गायच्या गीताला ते 'किनाकी' म्हणतात, आणि तोच शब्द जेवणातील तोंडीलावण्यालाही आहे. प्रवाशांत जर्मन होते, ब्राझीलचे होते, चिनी होते. पांढऱ्या केसांचा मान म्हणून नायकपद मास्तरांकडे आले. त्यांनी इंग्रजीत चार वाक्ये जुळविली, आणि गाण्यासाठी सर्वांना येणारे एक इंग्रजी गीत ठरले.

पहिला स्वर स्त्रीचा उमटला. काळी वस्त्रे नेसलेल्या एका वृद्धेने सभागृहाच्या ओसरीतून लांब, कापरी हाक दिली. ती ऐकून आलेल्यांची कुजबूज आपोआप थांबली. मग भालाइत तरुण नाचत, डोळे वटारीत पुढे आला आणि त्याने मास्तरांच्या पुढ्यात एक हिरवी डहाळी ठेविली. मास्तर वाकले, त्याच्या नजरेला नजर ठेवून त्यांनी ती उचलली. पाहुणा शांततेने आला आहे, एवढाच तिचा अर्थ. नंतर यजमान वृद्ध बोलू लागला. तो माओरीत बोलला, बराच वेळ बोलला, आणि त्याने भाषांतर केले नाही. चालक हळूच म्हणाला, "तो प्रथम मृतांना वंदन करतो आहे, आमच्या आणि तुमच्याही. तुमचे मृत तुमच्याबरोबर आले आहेत असे आम्ही धरतो."

मास्तर उभे राहिले तेव्हा इंग्रजी वाक्ये त्यांना आठवत होती. पण जो मनुष्य स्वतःच्या भाषेत बोलून खाली बसला, त्याला दोघांच्याही नसलेल्या भाषेत उत्तर देणे त्यांना एकाएकी अनुचित वाटले. ते मराठीत बोलले. यजमानांच्या पूर्वजांना त्यांनी नमस्कार सांगितला, आणि मग, श्राद्धाच्या वेळी उच्चारावयाची सवय असल्यामुळे, पित्याचे, आजोबांचे आणि पणजोबांचे नाव घेतले. तीन पिढ्या! नातवाच्या कागदावरील जी ओळ आपणास येत नाही असे ते समजत होते, ती दर वर्षी पितृपक्षात त्यांच्या तोंडी होती. संकल्प सोडताना देश आणि काळ सांगावा लागतो, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरी आपण आहोत हे सांगावे लागते. आणि इंदूरचे भटजी तेथे गोदावरीचे नव्हे, रेवेचे, म्हणजे नर्मदेचे, नाव घेतात, हेही त्यांना त्याच क्षणी आठवले. दोन मिनिटांत ते थांबले आणि इंग्रजीत आभार मानून मोकळे झाले. काही प्रवासी घड्याळाकडे पाहत होते, ही गोष्टही नमूद केली पाहिजे.

गाण्याच्या वेळी ठरलेले इंग्रजी गीत कोणी आधी उचलावे ह्यावरून सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात माईंनी सुरुवात केली. सासूकडून आलेली, जात्यावर म्हणावयाची ओवी. आवाज पातळ, वयाने थोडा फाटलेला. जात्याची घरघर नसल्यामुळे मधल्या जागा मोकळ्या राहत होत्या. सासरी दळता दळता बहीण दूरच्या भावाची वाट पाहते, जात्यावरच्या असंख्य ओव्यांचा विषय हाच असतो. समोरच्या रांगेतील वृद्धा मान किंचित हलवीत ऐकत होती. कार्यक्रम संपल्यावर नाकाला नाक लावून श्वासाची देवघेव करण्याचा त्यांचा रिवाज झाला. माई क्षणभर संकोचल्या आणि मग नऊवारीचा पदर सावरून पुढे झाल्या. बाहेर आल्यावर चालकाने विचारले, "गाणे कशाचे होते?" माई म्हणाल्या, "भावाचे. बहीण त्याची आठवण काढते." तो हसून म्हणाला, "मग ते बरोबर जागी पोहोचले."

सभागृहाच्या आत शिरताना वाटाड्या तरुणीने वर पाहावयास सांगितले होते. हे घर म्हणजे एका पूर्वजाचे शरीर. दर्शनी भागावर त्याचे मुख, दोन्ही बाजूंना उतरत्या फळ्या हे पसरलेले बाहू, वरचे आढे हा पाठीचा कणा, आणि वासे ह्या त्याच्या बरगड्या. भिंतींवरील कोरीव मूर्ती ह्या त्याच्या वंशातील एकेक माणूस. अशी कोरणी करणारे हात विसाव्या शतकाच्या आरंभी फार थोडे उरले होते. अपिराना न्गाता ह्यांच्या खटपटीने १९२७ मध्ये रोटोरुआत कोरीव कामाची शाळा निघाली आणि तिच्यातील शिष्यांनी देशभर घरे उभी केली. 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' ही म्हण मास्तरांनी शेकडो मुलांकडून वाक्यात उपयोग करवून घेतली होती. वासे म्हणजे बरगड्या असतील तर ते फिरणे किती दुखत असेल, हे त्यांच्या मनात पहिल्यानेच आले.

जेवण जमिनीत शिजविलेले, म्हणजे 'हांगी' पद्धतीचे होते. त्यात मांस असल्यामुळे माईंनी वेगळी भांडी मागितली आणि कुमारा खाल्ला. कुमारा म्हणजे रताळे. माईंच्या एकादशीचे रताळे आणि माओरींचा कुमारा, दोघांचेही मूळ दक्षिण अमेरिकेत. माओरींच्या पूर्वजांकडे ते युरोपीयांच्या कितीतरी आधी पोहोचले होते. जेवता जेवता मास्तरांनी एका घंटेची हकीकत सांगितली. १८३६ च्या सुमारास कोलेन्सो ह्या मिशनऱ्याला उत्तरेकडील एका माओरी वस्तीत बायका ज्या काशाच्या भांड्यात बटाटे उकडीत होत्या, ते एका मोडक्या जहाजी घंटेचे टोपण असल्याचे आढळले. तिच्यावर तमिळ अक्षरे होती: मोहिदीन बक्ष ह्याच्या जहाजाची घंटा. आज ती वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे. अक्षरे होती, पण वाचणारा नव्हता. म्हणून घंटेचे पातेले झाले. "त्यांचे काही चुकले नाही," मास्तर म्हणाले, आणि थांबले. इंदूरच्या घरी माळ्यावर पणजोबांचे मोडी कागदांचे रुमाल आहेत. मराठीचे अध्यापक असूनही त्यांना मोडी अडखळतच वाचता येते. मुलाला तर ती कागदाची रद्दी वाटते. माईंनी त्यांच्या पानात आणखी एक रताळ्याची फोड वाढली.

परतीच्या वाटेवर काळोख होता. फाकाआरीचा विषय निघाला तेव्हा चालकाचा आवाज खाली आला. ९ डिसेंबर २०१९ रोजी ते बेट फुटले, तेव्हा तेथे पर्यटक आणि वाटाडे होते. २२ जण गेले. बहिणींनी पाठविलेला अग्नी ऊब देतो, अन्न शिजवितो, आणि कधी कोणाला ओळख देत नाही. ऊन पाण्याच्या गावातील लोक हे जाणतात. म्हणूनच प्रत्येक कुंडाला त्यांनी नाव दिले आहे, कोणते पाणी स्वयंपाकाचे, कोणते स्नानाचे, कोणाजवळ जावयाचे नाही, हे पोरांना चालू लागल्यापासून शिकविले आहे. शक्ती जवळ असणे पुरेसे नसते. तिच्यात राहावयाची रीत एका तोंडातून दुसऱ्या कानात जावी लागते. ती रीत ज्या भाषेत सांगितलेली असते ती भाषा गेली, तर पाणी उकळतच राहील, पण गाव राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी नातवाचा कागद पुन्हा पुढे आला. पर्वताच्या ओळीवर मास्तर आणि माई ह्यांचे एकमत झाले नाही. "सह्याद्री आपण आगगाडीतून पाहिला, त्याच्या अंगाखांद्यावर कधी राहिलो?" माईंचा सवाल होता, तेव्हा ती ओळ विंध्याला गेली. नदीबद्दल वाद झाला नाही. १९७८ पासून इंदूरच्या नळाला नर्मदेचेच पाणी येते, आणि संकल्पातही तीच आहे. नौकेच्या जागी काय लिहावे, हा प्रश्न कठीण होता. पूर्वज होळकरांच्या मागोमाग माळव्यात आले ते काही होडीतून नव्हे. "अहो, बैलगाडी लिहा की," माई म्हणाल्या, आणि नातू खदखदून हसला. म्हणजे त्याला ते कळले होते! खोलीतील तिघांचेही तिकडे लक्ष गेले, पण कोणी काही बोलले नाही.

मग मुलाने एक गोष्ट सांगितली. शाळेत नातवाला शिकविले होते की माओरीत 'फेनुआ' ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत: भूमी आणि वार. बाळ जन्मले की त्याची वार आपल्या भूमीत पुरतात. माई म्हणाल्या, "आपल्याकडे नाही का म्हणत, माझी काय तिथे नाळ पुरली आहे?" आणि मग हळूच विचारले, "अरे, ह्याची कुठे पुरली?" मुलाने खांदे उडविले. इस्पितळात कोणाला ठाऊक. ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि कोणी ते शोधण्याचे सोंगही केले नाही.

नदीच्या ओळीवर नातू इंग्रजी लिपीत लिहू लागला, तेव्हा माईंनी त्याच्या हातावर हात ठेविला. "थांब. नर्मदेतला न असा," त्या मराठीत म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्या त्याच्याशी मराठीतच बोलू लागल्या; त्याने उत्तर इंग्रजीत दिले तरी. आडवी रेघ तिरकी गेली, काना डुलला, गाठ सुटी राहिली. पण तो न आहे, हे वाचता येत होते.